सीमेचे दगड आणि वेलींची नावे : पोर्तुगालच्या द्राक्षांचा इतिहास

१/
पोर्तुगालच्या उत्तरेस दोउरो नदीच्या खोऱ्यात, द्राक्षमळ्यांच्या कडेला आणि कधी एखाद्या घराच्या भिंतीत चिणलेले, ग्रॅनाइटचे जाडजूड खांब आजही आढळतात. त्यांवर बहुधा एकच शब्द कोरलेला असतो : 'फेइतोरिया'. १७५८ ते १७६१ या काळात असे ३३५ खांब रोवले गेले. खांबांच्या आत पिकलेल्या द्राक्षांची वाईन परदेशी पाठवता येई. बाहेरच्या शेतकऱ्याची वाईन कितीही चांगली असली, तरी तिला ते दार बंद होते.

२/
'फेइतोरिया' म्हणजे वखार. सुरतेची वखार, राजापूरची वखार आपण ज्या अर्थाने म्हणतो, त्याच अर्थाने. पोर्तो शहरात इंग्रज व्यापाऱ्यांची अशी वखार होती, आणि तिला विकण्याच्या लायकीची वाईन ती 'फेइतोरिया'ची. पोर्तुगालच्या भूमीवर, पोर्तुगालच्या राजाच्या आज्ञेने रोवलेल्या दगडावर परदेशी गिऱ्हाईकाचे नाव कसे आले, इथून ही कथा सुरू होते. मात्र ती दगडांपाशी संपत नाही. या दगडांनी जमीन राखली, नाव राखले, भाव राखला. जिच्यामुळे हे सारे होते त्या द्राक्षवेलीची नोंद घ्यायला मात्र पुढची दोनशे वर्षे कोणाला फारशी सवड झाली नाही.

३/
२७ डिसेंबर १७०३ रोजी इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात एक तह झाला. जॉन मेथुएन या इंग्रज वकिलाच्या नावाने तो ओळखला जातो. अवघी तीन कलमे. इंग्लंडचे लोकरी कापड पोर्तुगालमध्ये विनाअडथळा येऊ द्यायचे. बदल्यात पोर्तुगालच्या वाईनवर इंग्लंडने फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात घ्यायची. फ्रान्सशी इंग्लंडचे युद्ध चालूच होते. लंडनच्या पेल्यातील बोर्दोची जागा हळूहळू पोर्तोने घेतली.

४/
ही वाईन पोर्तो शहरात पिकत नव्हती. समुद्रापासून बरेच आत, जिथे पावसाळी ढग डोंगर अडवतात आणि उन्हाळा भाजून काढतो, अशा खोऱ्यात ती होई. तिथला दगड म्हणजे शिस्ट, आपल्या पाटीच्या दगडासारखा पापुद्र्यांचा. तो पहारीने फोडून, कोकणात ज्याला गडगा म्हणतात तशा चुन्याविना रचलेल्या भिंती घालून, डोंगर पायरीपायरीने कोरला गेला. या कामात शेजारच्या गॅलिशियातून आलेल्या मजुरांचा वाटा फार मोठा होता. २००१ मध्ये युनेस्कोने या खोऱ्याला जागतिक वारसा म्हटले ते मुख्यतः या भिंतींमुळे.

५/
वाईन सुमारे साडेपाचशे लिटरच्या पिपांत भरून 'राबेलो' नावाच्या सपाट बुडाच्या नावांतून खाली येई. नदी खडकाळ आणि तापट. पिपे पोर्तोच्या समोरच्या काठावर, व्हिला नोव्हा द गाया इथल्या कोठारांत ठेवली जात आणि तिथून जहाजांवर चढत. लांबच्या प्रवासात वाईन बिघडू नये म्हणून तिच्यात द्राक्षांची ब्रँडी मिसळण्याची चाल पडली. पुढे ती आंबतानाच मिसळू लागले. त्यामुळे किण्वन मध्येच थांबे, साखर शिल्लक राही आणि गोड, कडक अशी आजची पोर्ट तयार होई.

६/
मागणी वाढली तशी लबाडीही. कुठलीही फिकी वाईन गडद दिसावी म्हणून तिच्यात एल्डर नावाच्या झाडाच्या काळ्या फळांचा रस घालू लागले. १७५४ मध्ये पोर्तोच्या इंग्रज वखारीने आपल्या खरेदी दलालांना कडक पत्र लिहून शेतकऱ्यांना दोष दिला. दलालांचे उत्तर वाचण्यासारखे आहे : असली वाईन हवी, रंग गडद हवा, ज्वाला पोटात उतरल्यासारखी वाटायला हवी, हा हट्ट मुळात तुमचाच, असा त्याचा मतितार्थ. दरम्यान भाव कोसळले. खोऱ्यातला शेतकरी कर्जात आणि इंग्रज खरेदीदार सांगेल त्या किमतीला बांधलेला.

७/
१ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंप, त्सुनामी आणि आगीने लिस्बन उद्ध्वस्त झाले. राजा जुझे पहिला हादरला आणि सत्ता एका मंत्र्याच्या हाती एकवटली : सेबास्तियांव जुझे द कार्वाल्यो इ मेलो. इतिहास त्याला पोंबालचा मार्केस म्हणून ओळखतो, पण ती पदवी त्याला बऱ्याच पुढे मिळाली. १० सप्टेंबर १७५६ च्या सनदेने त्याने 'आल्तो दोउरोच्या द्राक्षशेतीची सर्वसाधारण कंपनी' उभी केली. भांडवल १२ लाख क्रुझादो.

८/
मराठी वाचकाला १७५६ हे साल दुसऱ्याच कारणांनी ठाऊक असते. त्याच वर्षी विजयदुर्ग पडला, आणि त्याच वर्षी फोंड्याजवळच्या मर्दनगडाच्या लढाईत गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय, काउंट ऑफ आल्व्हा, मराठ्यांकडून मारला गेला. वसई जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती. पूर्वेचे साम्राज्य आक्रसत असताना लिस्बनचा मंत्री घरच्या डोंगरावरच्या द्राक्षांचा हिशेब का मांडत होता, हे या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट दिसते. पोर्तुगालपाशी इंग्लंडला विकण्याजोगे जे थोडे उरले होते, त्यात ही वाईन होती.

९/
कंपनीने काय केले? कोणती जमीन 'फेइतोरिया'ची, हे ठरवले आणि दगड रोवले. वाईनची प्रत चाखून भाव बांधला. मळ्यात शेणखत घालण्यावर बंदी आली, कारण त्याने पीक वाढते आणि रस पातळ होतो. एल्डरची झाडे उपटून टाकण्याचा हुकूम निघाला. इथवर हे सारे शेतकऱ्याच्या हिताचे वाटते. पण उत्तरेकडच्या प्रांतांत ब्रँडी गाळण्याचा मक्ताही कंपनीलाच मिळाला, आणि पोर्तो शहरासह भोवतालच्या चार लीगांच्या टापूत किरकोळ वाईन विकण्याचाही.

१०/
शेवटच्या कलमाने भडका उडाला. पोर्तोतल्या गल्लीबोळांत शेकडो लहान गुत्ते होते. कितीतरी बायकांची चूल त्यावर पेटे. २३ फेब्रुवारी १७५७ रोजी, अ‍ॅश वेन्सडेच्या दिवशी, जमाव कंपनीच्या कचेरीवर चालून गेला. पोर्तुगीज इतिहासात या उठावाला 'झिंगलेल्यांचे बंड' असे हिणवणारे नाव पडले. नाव कोणी दिले असेल, ते सांगायला नको. पोंबालने त्याला राजद्रोह ठरवले. शहरात फौज ठेवली, तिचा खर्च शहरावरच लादला, आणि पुरुषांबरोबर स्त्रियांनाही जबर शिक्षा झाल्या. अनेकांना फासावर चढवले गेले. जगातील वाईनच्या दर्जाचा पहिला मोठा कायदा म्हणून ज्याचे गोडवे गायले जातात, त्याच्या पहिल्या वर्षाचा हा जमाखर्च आहे.

११/
'जगातला पहिला सीमांकित वाईन प्रदेश' हा दोउरोचा मानही जरा तपासून घ्यायला हवा. तोस्कानात ग्रँड ड्यूक कोझिमो तिसऱ्याने १७१६ मध्येच कियांती व इतर भागांच्या सीमा जाहीर केल्या होत्या. हंगेरीत तोकायच्या सीमा १७३७ च्या. दोउरोचे वेगळेपण असे की इथे सीमेसोबत ती राबवणारी, चाखणारी, भाव ठरवणारी आणि दंड करणारी यंत्रणाही होती. 'पहिला' हा शब्द पर्यटन खात्याला प्रिय असतो. इतिहासाला 'कसा' हा शब्द अधिक उपयोगी पडतो.

१२/
पोंबालचा हात दोउरोपुरता थांबला नाही. १७६५ मध्ये तेजो, मोंदेगो आणि व्होउगा या नद्यांच्या सखल जमिनींतले द्राक्षमळे उपटून तिथे धान्य लावण्याचा हुकूम निघाला. देशात धान्य कमी होते हे खरे. पण उत्तरेच्या वाईनमध्ये मिसळली जाणारी स्वस्त वाईन याच भागांतून येई, हेही तितकेच खरे. मोंदेगो आणि व्होउगा यांच्या दरम्यानचा बायराडा हा चिकणमातीचा प्रदेश. त्याचे नावही 'बार्रो' म्हणजे चिकणमाती या शब्दावरून आलेले. तिथल्या मुख्य काळ्या द्राक्षाचे नाव 'बागा'. पोर्तुगीजमध्ये बागा म्हणजे कुठलेही बोरासारखे बारीक फळ. गंमत अशी, की ज्या एल्डरच्या फळांवरून एवढे रामायण झाले, त्यांनाही लोक बागाच म्हणत.

१३/
आता वेलींकडे वळू. या साऱ्या सनदा, आज्ञा, दगड यांत द्राक्षाच्या वाणाला जागा किती होती? जवळजवळ नाहीच. कंपनीला जमीन ठाऊक होती, मालक ठाऊक होता, पीप ठाऊक होते. त्या पिपात कोणत्या वेलीचा रस आहे, हे कोणी विचारत नसे. विचारले असते तरी शेतकऱ्याला एका शब्दात सांगता आले नसते.

१४/
कारण दोउरोचा जुना मळा एकवाणी नसे. एकाच पायरीवर वीस, तीस, कधी त्याहून अधिक वाण सरमिसळ लावलेले. एक लवकर पिकणारा, एक उशिरा. एक दुष्काळ सोसणारा, एक रंग देणारा, एक आंबटपणा राखणारा. सारे एकाच दिवशी खुडायचे आणि ग्रॅनाइटच्या हौदात एकत्र तुडवायचे. ज्वारीच्या शेतात तुरीचे आणि अंबाडीचे तास सोडणाऱ्या आपल्याकडच्या कुणब्याला यात काही नवल वाटले नसते. एक पीक गेले तर दुसरे हाती लागावे, ही जगभरच्या कोरडवाहू शेतकऱ्याची विमा योजना आहे.

१५/
या सरमिसळीमुळे आणि डोंगरांनी एकमेकांपासून तोडलेल्या खोऱ्यांमुळे या छोट्या देशात सुमारे अडीचशे देशी वाण टिकून राहिले. आकाराने पोर्तुगाल महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडाही मोठा नाही. एकेका वाणाला प्रत्येक खोऱ्यात वेगळे नाव. 'फेर्नांव पिरेश' बायराडात गेला की 'मारिया गोमेश' होतो, म्हणजे नावासकट लिंगही बदलते.

१६/
नावांमध्ये शेतकऱ्याची नजर आणि खोडसाळपणा दोन्ही दिसतात. 'राबो द ओव्हेल्या' म्हणजे मेंढीची शेपटी. घडाचा आकार तसा. 'देदो द दामा' म्हणजे बाईसाहेबांचे बोट. 'बोरादो दाश मोश्काश' म्हणजे माश्यांची घाण. द्राक्षाच्या सालीवर तसे बारीक ठिपके असतात (बायराडात त्यालाच 'बिकाल' असे सभ्य नाव आहे). 'तिंतो कांव' म्हणजे तांबडा कुत्रा. 'एश्गाना कांव' म्हणजे कुत्र्याचा गळा आवळणारा. हे द्राक्ष इतके आंबट की कुत्र्यालाही ठसका लागावा. हेच कुत्रेमारू द्राक्ष अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर 'सेर्सियाल' या नावाने राजेरजवाड्यांच्या मेजावर पोहोचले.

१७/
मदेरा हे बेट भारताकडे येणाऱ्या जहाजांच्या वाटेवर. तिथे चढवलेली पिपे विषुववृत्त ओलांडून उष्ण समुद्रातून पूर्वेला येत. न खपलेली काही पिपे तशीच परत गेली, तेव्हा लक्षात आले की दोनदा भाजून निघालेली ही वाईन बिघडण्याऐवजी सुधारली आहे. मग मुद्दाम फेरीला पाठवलेल्या वाईनला नाव पडले 'विन्यो दा रोदा', फेरीची वाईन. मुंबई-मद्रासच्या इंग्रज अंमलदारांच्या मेजावर मदेरा हे नेहमीचे पेय होते. पुढे जहाजाचा खर्च वाचवण्यासाठी बेटावरच ऊबदार खोल्या आणि कौलांखालचे तापलेले माळे वापरून तोच परिणाम साधला जाऊ लागला. सेर्सियाल, व्हेर्देल्यो, बोआल आणि माल्व्हाझिया हे चार वाण म्हणजे मदेराच्या कोरड्यापासून अतिगोडापर्यंतच्या चार पायऱ्या.

१८/
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर संकटे ओळीने आली. आधी भुरी. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला या रोगाची ओळख करून द्यायला नको. १८५० च्या दशकाच्या आरंभी भुरीने मदेराच्या बागा पांढऱ्या केल्या. गंधकाच्या भुकटीचा उपाय सापडेपर्यंत अनेक मळे गेले. मग आला फायलोक्सेरा. माव्याचा जवळचा नातलग असलेला हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा कीटक अमेरिकेतून वेलींच्या रोपांबरोबर युरोपात उतरला. तो मुळे खातो. वरून पाने पिवळी दिसू लागेपर्यंत खाली सर्व संपलेले असते.

१९/
१८६० च्या दशकात तो दोउरोत पोहोचला, १८७२ च्या सुमारास मदेरात. दोउरोच्या पायऱ्याच्या पायऱ्या उजाड पडल्या. त्या सोडून दिलेल्या पायऱ्यांना तिथे 'मोर्तोरियो' म्हणतात. शब्दात मृत्यू आहे. त्यांवर पुढे ऑलिव्ह आणि झुडपे वाढली, आणि डोंगरावर कोरलेल्या त्या रिकाम्या रेघा आजही दिसतात. हजारो माणसांनी ब्राझीलची वाट धरली.

२०/
याच काळात खोऱ्यात एका स्त्रीचे नाव मोठे झाले : दोना आंतोनिया आदेलाइद फेरेरा (१८११–१८९६). लहान वयात वैधव्य आलेल्या या मळेवालीने पडत्या काळात जमिनी घेतल्या, नव्या बागा उभ्या केल्या. १८६१ मध्ये व्हालेइरा इथल्या खडकाळ धारेत तिची नाव उलटली. तिच्यासोबत असलेला जोसेफ जेम्स फॉरेस्टर बुडाला. दोउरोचा उत्तम नकाशा काढणारा आणि १८४४ मध्ये पोर्टमधल्या भेसळीविरुद्ध पत्रक छापून आपल्याच इंग्रज व्यापारी बांधवांना दुखावणारा हा माणूस. दोना आंतोनिया वाचली. तिच्या घेरदार झग्याने तिला तरंगत ठेवले आणि फॉरेस्टरला कमरेच्या नाण्यांच्या पट्ट्याने बुडवले, असे लोक सांगतात. दंतकथाच ती, पण खोऱ्याने आपल्या दोन माणसांची आठवण कशी जपली, ते त्यातून कळते.

२१/
फायलोक्सेरावरचा उपाय अमेरिकेतूनच आला. अमेरिकन वेलीची मुळे हा कीटक सोसतात. म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर युरोपीय वाणाचे कलम. (आपल्याकडचा 'डॉगरिज' खुंटही मूळचा अमेरिकनच, जरी इथे त्याचा वापर प्रामुख्याने क्षार आणि पाणीटंचाईसाठी होतो.) कलम करताना शेतकऱ्याला एक निवड करावी लागली. आजोबांनी लावलेले तीस वाण पुन्हा लावायचे, की भरघोस पिकणारे चार? कर्जाने वाकलेल्या माणसाने काय निवडले असेल, ते उघड आहे.

२२/
मदेरात तर अनेकांनी कलमाचाही खर्च टाळला आणि थेट अमेरिकन रक्ताचे वाण लावले. त्यातले एक 'इझाबेला'. भारतात स्वस्त गोड वाईनसाठी सर्रास वापरले जाणारे 'बंगलोर ब्लू' हे त्याचेच दुसरे नाव मानले जाते. गोव्यातल्या दुकानांत 'पोर्ट वाईन' म्हणून जी गोड तांबडी बाटली विकली जाते, तिचे नाव पोर्तो शहराचे आणि द्राक्ष मात्र बहुधा त्या अमेरिकन घराण्यातले. इंग्लंडने १९१४ चा करार आणि १९१६ चा कायदा करून 'पोर्ट' हे नाव पोर्तुगालच्या वाईनसाठी राखले होते. गोव्याच्या दुकानापर्यंत तो दगड पोहोचला नाही.

२३/
फायलोक्सेरानंतर सर्वांत मोठी पडझड 'तोरिगा नासियोनाल'ची झाली. घट्ट, लहान घड, जाड साल, गडद रंग, जांभळ्या फुलांचा वास. दोउरोच्या दक्षिणेला, डोंगरांनी वेढलेल्या दाँव या ग्रॅनाइटच्या पठारावर एके काळी त्याचेच राज्य होते. तिथले तोरिगो नावाचे गाव या वाणाचे जन्मस्थान असावे, असेही मानतात. पण पीक फार कमी. कलमाच्या काळात शेतकऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आजच्या पोर्तुगालचा हा सर्वांत मानाचा वाण मोजक्या मळ्यांपुरता उरला.

२४/
एक जागा मात्र कीटकाला जिंकता आली नाही. लिस्बनच्या पश्चिमेला, सिंत्राच्या पलीकडे समुद्रकाठी कोलारेश नावाचा भाग आहे. तिथे जमीन म्हणजे निव्वळ वाळू. वाळूत फायलोक्सेराला बोगदे करता येत नाहीत. तिथला काळा 'रामिश्को' आणि पांढरा 'माल्व्हाझिया' आजही स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत, अमेरिकन खुंटाविना. पण मुळांना खालच्या चिकणमातीपर्यंत पोहोचवायचे, तर वाळूत कित्येक फूट खोल चर खणावे लागत. चर कोसळून माणूस गाडला गेला तर श्वासापुरती पोकळी राहावी, म्हणून खणणारे मजूर डोक्यावर टोपली पालथी घालत.

२५/
कीटकापासून वाचलेल्या कोलारेशला घरबांधणीने गाठले. राजधानीजवळचा समुद्रकिनारा, सुट्टीतल्या बंगल्यांना द्राक्षापेक्षा चांगला भाव. १९०८ मध्ये सीमांकित झालेला हा प्रदेश आज मूठभर हेक्टरांवर आला आहे. त्याच दिशेला, लिस्बनच्या अगदी उंबऱ्यावर कार्काव्हेलोस. तिथे ओएराशमध्ये खुद्द पोंबालचा मळा होता. तोही शहराने जवळजवळ गिळला. सीमा आखून नाव वाचते. जमिनीचा भाव वाढला की सीमेच्या आत काय पेरायचे, ते सनद ठरवत नाही.

२६/
१९०७-०८ मध्ये, राजेशाहीच्या अगदी अखेरच्या दिवसांत, जुआंव फ्रांकोच्या सरकारने पोंबालची कल्पना देशभर नेली. दोउरोची नवी हद्द, मग विन्यो व्हेर्द, दाँव, कोलारेश, सेतुबालची मस्कत वाईन, मदेरा. यांतले 'विन्यो व्हेर्द' म्हणजे 'हिरवी वाईन' हे नाव अनेकांना फसवते. अर्थ रंगाचा नाही, कोवळेपणाचा. वायव्येच्या पावसाळी मिन्यो प्रांतात अमेरिकेहून आलेल्या मक्याने शेते व्यापली, तेव्हा द्राक्षवेलीला बांधावर ढकलले गेले आणि तिने तिथल्या झाडांचा आधार घेतला. उंच झाडांवर चढलेल्या वेलींची द्राक्षे शिडी लावून खुडत. तिथलाच 'अल्व्हारिन्यो' हा वाण, मोंसांव आणि मेल्गासोच्या नदीकाठचा, आज देशातल्या सर्वांत महाग पांढऱ्या द्राक्षांत मोडतो.

२७/
सालाझारच्या हुकूमशाहीत सहकारी वाईन कारखान्यांचे जाळे पसरले. दाँवमध्ये तर द्राक्षे विकत घेण्याचा हक्क व्यवहारात सहकारी संस्थांपुरताच राहिला. लहान शेतकऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले, हे मान्य करायला हवे. पण पैसे वजनावर मिळत, वाणावर नाही. तिथे कमी पिकणाऱ्या तोरिगाचा निभाव कसा लागावा? पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेल्यावर ही मक्तेदारी मोडली. त्याच वर्षी पोर्टवरचेही एक बंधन सुटले : १९२६ पासून निर्यातीची पोर्ट गायाच्या कोठारांतूनच पाठवावी लागे. खोऱ्यातल्या मळेवाल्याला थेट जगाला विकण्याची मुभा मिळायला साठ वर्षे लागली.

२८/
दक्षिणेला आलेंतेजोच्या उन्हाळी मैदानात वेगळीच परंपरा तग धरून होती. तिथे माणसाएवढ्या मातीच्या रांजणांत, 'ताल्या'त, द्राक्षे सालीसकट आंबवतात. ही रीत रोमन काळाशी जोडली जाते. ११ नोव्हेंबरला, सां मार्तिन्यूच्या सणाला, रांजणाच्या तळाशी तोटी ठोकून नवी वाईन काढतात. गावातल्या खानावळींनी घरच्यापुरती चालवलेली ही पद्धत कुठल्याही सीमांकनात बसत नव्हती, म्हणूनच कदाचित ती कोणी सुधारली नाही.

२९/
वाणांचा खरा हिशेब अखेर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. दोउरोत जुझे आंतोनियो रोझाश आणि त्यांचे भाचे जुआंव निकोलाउ द आल्मेइदा यांनी सत्तरच्या दशकात एकेक वाण वेगळा आंबवून पाहिला. आजवर कोणी हे पद्धतशीर केले नव्हते. १९८१ मध्ये त्यांनी पाच काळ्या वाणांची शिफारस केली : तोरिगा नासियोनाल, तोरिगा फ्रांका, तिंता रोरिश, तिंता बारोका आणि तिंतो कांव. लवकरच जागतिक बँकेच्या साहाय्याने खोऱ्यात नवी लागवड झाली, मुख्यतः याच पाचांची, वाणवार रांगांमध्ये.

३०/
या पाचांनी दोउरोला आधुनिक केले, आणि त्याच वेळी उरलेल्या कितीतरी वाणांवर अनावधानाने फुली मारली. हे अभ्यासकांच्या नावावर टाकणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी निवडीला आधार दिला, वगळायचा हुकूम काढला नव्हता. पण बँकेच्या कर्जाला यादी लागते, आणि यादीत नसलेली वेल बुलडोझरखाली जाते. आणखी गंमत म्हणजे पाचांतली तिंता रोरिश ही स्पेनची प्रसिद्ध टेम्प्रानिल्यो. तोरिगा फ्रांकाला पूर्वी 'फ्रान्सची' म्हणत, पण ती अस्सल पोर्तुगीज निघाली. जनुकीय तपासणीत तिची एक पालक तोरिगा नासियोनालच ठरली.

३१/
दुसरीकडे, १९७८ पासून कृषिवैज्ञानिक आंतेरो मार्तिन्श यांनी उलट वाट धरली. एका वाणातली एकच सर्वोत्तम वेल निवडून तिच्या लाखो प्रती काढण्याऐवजी, देशभरच्या जुन्या मळ्यांतून त्याच वाणाच्या शेकडो निरनिराळ्या वेलींच्या काड्या गोळा करायच्या. वाण म्हणजे एक वेल नव्हे. शतकानुशतकांत साठलेला फरक म्हणजे वाण, अशी ही भूमिका. २००९ मध्ये त्यातून 'पोर्विद' ही संस्था उभी राहिली; पेगोंयशला तिचे संग्रहक्षेत्र आहे. दोइश पोर्तुशला राष्ट्रीय संग्रहही आहे. या संग्रहांतल्या कितीतरी काड्या उपटण्याच्या बेतात असलेल्या मळ्यांतून आल्या. ते मळे जुने राहिले, कारण मालकाकडे नवे लावायला पैसे नव्हते.

३२/
तोरिगा नासियोनाल आता दोउरोतून आलेंतेजोपर्यंत सर्वत्र लावली जाते. २०२१ मध्ये फ्रान्सच्या नियामक संस्थेने बोर्दोत काही नव्या वाणांना परवानगी दिली. वाढत्या उष्णतेत टिकतील असे वाण तिथे हवे होते. त्यांत तोरिगा नासियोनाल आणि अल्व्हारिन्यो ही दोन्ही नावे आहेत. मेथुएनच्या तहाने लंडनच्या बाजारातून ज्या बोर्दोला मागे सारले, त्याच बोर्दोत आज दाँवच्या डोंगरातली ही वेल उभी आहे. मळ्याच्या पाच टक्के क्षेत्रापर्यंत, आणि मिश्रणात दहा टक्क्यांपर्यंत. बाटलीवर मात्र तिचे नाव छापायला परवानगी नाही.